एडनाबाईंचा 'वर' राहणारा मुलगा

इथे परदेशात, वेरिबी गावच्या चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी सकाळी आम्ही म्हाताऱ्या वाचायला जमतो. पुस्तकाची चार पानं होतात, गप्पांची चाळीस. किस्से साठणारच. माझी शाळा चौथीपर्यंत. बाकी सगळं मी स्वतः वाचलंय, त्यामुळे मला गप्प बसवणं सोपं नाही. लेक विचारते, "आई, तू बौद्ध. चर्चमध्ये काय करतेस?" मी म्हणते, वाद घालते!

*

पहिल्याच दिवशी शेजारी एडनाबाई. वय ब्याऐंशी. मुलं किती, विचारलं. बोट छताकडे करून म्हणाल्या, "एकच. ही'ज अप देअर."

माझे डोळेच भरले. पोर वर गेलं! पुढच्या गुरुवारी डबाभर खिचडी घेऊन मी सांत्वनाला हजर. बाईंनी चवीने खाल्ली आणि विचारलं, "पण कशाबद्दल?"

मुलगा ठणठणीत. उत्तरेला, म्हणजे नकाशात वर, एसी दुरुस्त करतो.

*

उत्तरेला कुठे, ते बाई सांगेनात. शेवटी पास्टर कॉलिनने चहा ओतता ओतता हळूच सांगितलं: पार उत्तर टोकाच्या डार्विन शहरात. एडनाबाईंचे वडील कडक उपदेशक. जग सहा दिवसांत झालं म्हणजे सहाच, साडेसहा नाही. उत्क्रांतीवाल्या त्या दाढीवाल्याचं नाव घरात कुणी घेतलं तर तोंड साबणाने धुवायचे. आणि शहराला नाव त्याचंच!

मुलगा तिकडे जाऊन एकवीस वर्षं झाली. पाकिटावरचा पत्ता बाई अजून शेजारणीकडून लिहून घेतात. स्वतः एकदाही गेलेल्या नाहीत.

*

माझा जावई इंजिनियर. हसला. म्हणाला, "नावाला काय घाबरायचं?"

मी म्हटलं, "तुझ्या आजीने जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं का रे? घेतलं ते उखाण्यातच ना?"

*

मग मी हट्टाने हॉलमध्ये उत्क्रांतीवरचंच पुस्तक वाचायला लावलं. कॉलिन म्हणाला, दाढीवाल्याचं पुस्तक आलं तेव्हा काही पाद्री भडकले खरे. पण काहींनी देवाचा एक दिवस म्हणजे एक युग असं धरून जुळवून घेतलं, आणि कित्येक पाद्री तर स्वतःच किडे-शिंपले जमवत होते. कॉलिनच्या पणजोबांनी, तेही पास्टर, ते पुस्तक बायबलशेजारी ठेवलं होतं. पणजीने त्याला फक्त ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं.

एडनाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. घरी जाताना विचारलं, "कव्हर घट्ट होतं ना?"

*

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाच्या मुलीला मुलगी झाली. नाव ठेवलं एडना. बाई हॉलमध्येच फोनवरून विमानाचं तिकीट काढायला बसल्या. पलीकडे मशीन.

"कुठे जायचंय?"

"अप नॉर्थ."

"सॉरी, कळलं नाही."

"माझ्या मुलाकडे."

"सॉरी, कळलं नाही."

मी सांगते म्हणून हात पुढे केला. त्यांनी फोन दिला नाही. डोळे मिटले आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "डार्विन."

मशीनने विचारलं, "वन वे की रिटर्न?"

एडनाबाई ताठ बसल्या.

"रिटर्न. आणि लिहून ठेव, मी आहे तशीच परत येणार आहे."