बिननावाचं कार्ड

नवऱ्याच्या माराला कंटाळून माझी मावसबहीण बंगळुरूहून आमच्या हिनकलच्या घरी आली, तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी आणि एक कार्ड होतं. नवरा माग काढेल म्हणून फोन ती घरीच ठेवून आली होती. कार्डाची मात्र तिला धास्ती नव्हती. आधी पैसे भरून वापरायचं ते कार्ड नवऱ्यानेच दिवाळीला दिलेलं.

"यावर नावच नाही गं," ती म्हणाली.

मलाही ते नोटांसारखंच वाटलं. लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या नेहमीच्या औषधांच्या दुकानात तिने सुजलेल्या हातासाठी मलम घेतलं, आणि पैसे त्याच कार्डाने दिले.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. "अक्का, काल तुमच्याबरोबर आलेल्या बाईंचा फोटो घेऊन एकजण आलाय. मी गोत्तिल्ला म्हटलं, ओळखत नाही म्हणून. दुकानासमोरच उभा आहे अजून."

तेव्हा कुठे उलगडा झाला. कार्ड त्याच्या मोबाईल नंबरावर घेतलेलं होतं. प्रत्येक खर्चाचा मेसेज, दुकानाच्या नावासकट, त्याला जात होता. बहिणीने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि ओट्याखाली जाऊन बसली. बाहेर स्कूटर वाजली तरी ती दचकत होती.

तिला दुसरीकडे हलवायला हवं होतं, पण तो गावात असताना स्टेशनवर कसं न्यायचं? शेवटी मी म्हटलं, "ते कार्ड मला दे."

स्कूटर घेऊन मी तलकाडच्या रस्त्याला लागले. वाटेत कार्डाने पेट्रोल भरलं, पुढे एका हॉटेलात इडली घेतली. तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला, "गाडीत बसून गेला." म्हणजे तो माझ्याच दिशेने येत होता. मी आडरस्त्याने परतले. समोरून येणारी प्रत्येक गाडी त्याची वाटायची. तोवर माझ्या नवऱ्याने तिला बेळगावच्या गाडीत बसवून दिलं होतं, मामांकडे.

आठवड्याने तो आमच्या दारात उभा राहिला. आवाज चढवला नाही. जाळीतून माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, तलकाडची इडली आवडली का?"

दार लावून मी आधी मामांना फोन केला. त्याच संध्याकाळी तिला तिथूनही हलवावं लागलं. आता ती कुठे राहते, ते मीही विचारत नाही.