चारशे बारा नंबरचा रंग

आमच्या शेठच्या दोन डाइंग मिल, एक जुनी आणि एक सचिन गावातली. दोन्हींकडच्या रंगांच्या कृती कागदावर होत्या. त्या सगळ्या एका कॉम्प्युटरात जमा करून कागद रद्दीत घालायचं ठरलं, तेव्हा टीमचा हेड मला केलं. हाताखाली सहा जणं, सगळी शिकलेली. पण चिंधी बघून रंगाचा नंबर सांगणारा त्या इमारतीत मी एकटाच, आणि ते मी त्यांना रोज ऐकवायचो.

त्यांत नवागामला राहणारी एक बाई होती, मूळची आमच्याच खान्देशाकडची. नवऱ्याची बोटं लूममध्ये गेलेली, घर तिच्या पगारावर. एक दिवस ती दोन कागद घेऊन आली.

"आबा, चारशे बाराना दोन रंग शेतस. जुनी मिलमा मोरपंखी, सचिनमा मेंदी. नंबरपुढे मिलनं नाव लावूत का?"

जुन्या मिलचे नंबर मी दिलेले. त्यांना शेपूट लावणारी ही कोण?

"तू माले शिकाडशी का आते?" मी सगळ्यांदेखत म्हणालो. "सचिनचा काढून टाक."

ती हलेना. "कागद बी रद्दीत जातीन, आबा."

"काढ म्हटलं ना."

तिने काढला. रद्दीवाल्याला मीच बोलावलं.

दिवाळीच्या तोंडावर एका व्यापाऱ्याने सचिनच्या त्या मेंदी रंगाच्या साड्या पुन्हा मागवल्या. नंबर टाकला आणि अख्खा लॉट मोरपंखी रंगून निघाला. शेठने आम्हा दोघांना केबिनमध्ये घेतलं. कोणी काय काढलं त्याची नोंद कॉम्प्युटरात राहते. नाव तिचं होतं.

"आबांनीच सांगितलं होतं, शेठ," ती म्हणाली.

"काका, बोला," शेठ म्हणाले.

उभ्या आयुष्यात मी माझी इयत्ता कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली.

"शेठ, मी चौथी नापास. त्यातलं काय ठेवतात, काय काढतात, मला काय ठाऊक?"

शेठ हसले. तिला दुपारीच कामावरून काढून घरी पाठवलं. जाताना तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, त्याचा मला राग आला. अजून येतो.

महिन्याभराने कामरेजच्या एका कारखान्यातून फोन आला. ती तिथे काम मागायला गेलेली, आधी कुठे होतीस विचारल्यावर तिने आमची मिल सांगितलेली. बाई कशी आहे, त्यांनी विचारलं. 'चांगली आहे' एवढं म्हटलं असतं तरी तिचं काम झालं असतं.

"हात जलद आहे," मी म्हणालो. "पण कॉम्प्युटरावर बसवू नका. विचारल्याशिवाय पुसून टाकते."

बरं झालं सांगितलंत, म्हणाले, आणि माझे आभार मानले.