भावोजींचा वाटाड्या

लेखन हा माझा प्रांत नव्हे, हे आधीच सांगून टाकते. आयुष्यभर महाविद्यालयात दुसऱ्यांनी लिहिलेले शिकवले. त्यातल्या उणिवा दाखवताना जीभ कधी अडखळली नाही, पण स्वतः चार ओळी लिहायला बसले की हात आखडतो. निवृत्तीनंतर हे धाडस करते आहे, तेव्हा चुकलेमाकले वाचकांनी पोटात घालावे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे ते माझे थोरले दीर, म्हणजे घरातले वडीलधारे. त्यांच्यावर लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, हे मलाही ठाऊक नाही. तरीही एक विधान मी निःशंकपणे करू शकते. लालबागपासून गिरगावापर्यंत, मधले सारे गल्लीबोळ धरून, एखादी वस्तू विकत न घेण्यासाठी भावोजींइतके कष्ट घेणारा दुसरा माणूस झालेला नाही.

भावोजींची सारी नोकरी विम्याच्या दाव्यांची छाननी करण्यात गेली. कोणाचे गोदाम कसे जळले, कोणाचा टेम्पो कुठे उलटला, हे कागदांवरून ताडण्यात उमेदीची वर्षे गेली की माणसाला सरळ उभा असलेला टेम्पोही उलटण्याच्या बेतात दिसू लागतो. त्यांचे प्रत्येक वाक्य ‘समजा’ या शब्दाने सुरू होते. आमच्या मुलाच्या लग्नात दादरच्या केटररला त्यांनी बाजूला घेऊन विचारले होते, “समजा, बोलावलेले सगळेच आले, तर?” त्यावर तो बिचारा म्हणाला, “मग बोलावलंत कशाला, काका?” भावोजींना हे उत्तर बेजबाबदार वाटले. पंखा घेताना ते पंख्याचा वारा पाहत नाहीत, तो पडला तर पलंगाच्या कोणत्या बाजूला पडेल हे पाहतात. हेल्मेट घेतले तेव्हा त्यांनी ते एक अख्खा रविवार घरात घालून काढला. पोहे काच वर करून खाल्ले, बातम्या काच खाली करून ऐकल्या, आणि संध्याकाळी निर्णय दिला की मानेला भार होत नाही, मात्र फोडणीचा वास येत नाही, ही उणीव नोंद घेण्याजोगी आहे.

अशा माणसाने निवृत्तीनंतर लांबच्या प्रवासाची मोटारसायकल घेतली, हेच मुळात आश्चर्य. दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, पुढे वारा अडवणारी उंच काच, मागे पाठ टेकायला गादी. आमची जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही दोन्ही भावांची कुटुंबे एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो, आणि खालच्या पार्किंगमध्ये ही गाडी आच्छादनाखाली एखाद्या पाहुण्या हत्तीसारखी उभी असते. पण ही हौस भावोजींची नव्हतीच. ती त्यांच्या पत्नीची, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंची. मी त्यांना ताई म्हणते.

ताईंनी लग्नानंतर प्रवास पुष्कळ केला, पण तो सगळा कोणाकडे तरी. मे महिन्यात मालवणला सासरी, गणपतीत पुन्हा मालवणला, एरवी सांगलीला बारसे, कोल्हापूरला मुंज, बेळगावला तेरावे. आम्हां कोकणातून गिरणगावात आलेल्या माणसांना गाव म्हटले की आधी तिथला पाहुणा आठवतो आणि मग गाव. ताई जिथे गेल्या तिथे पदर खोचून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी एकदाच, भावोजींच्या निवृत्तीच्या दिवशी, काही मागितले. “जिथे आपलं कोणी म्हणजे कोणी नाही, अशा गावात मला चार दिवस राहायचंय. आणि तिथे मोटारसायकलवर तुमच्या मागे बसून जायचंय.” गाडी आली. पण त्यानंतर ताईंचे गुडघे बोलू लागले, आणि डॉक्टरांनी सांगितले की उन्हाळ्याच्या आत दोन्हींची शस्त्रक्रिया करून घ्यावी. पुढे मोटारसायकलवर मागे टांग टाकता येईल, असे ते वचन देणार नाहीत. म्हणजे ताईंच्या हाती एवढी थंडीच काय ती होती. आणि ती थंडी भावोजींनी जीपीएस निवडण्यात घालवायला घेतली.

फोनवर नकाशा असताना वेगळे यंत्र कशाला, असे मी एकदा विचारून पाहिले. भावोजींनी माझ्याकडे अपुरे कागद जोडलेल्या दाव्याकडे पाहावे तसे पाहिले. “मास्तरीणबाई, समजा, घाटात वळणावर आहे आणि बेळगावच्या आत्येचा फोन आला. नकाशा गेला, आत्या आली. मग?” खेरीज उन्हात फोन तापतो, गाडीच्या थरथरीने त्याचा कॅमेरा बिघडतो, हातमोजे घातले की बोट लागत नाही. हे सगळे खरेच होते. भावोजींची प्रत्येक शंका खरी असते, हीच तर अडचण आहे.

ऑपेरा हाऊसजवळच्या एका गल्लीत मोटारसायकलींचे सामान विकणारा एक दुकानदार आहे. भावोजींना येताना पाहून तो चहा मागवत असे, तो भावोजींसाठी की स्वतःला धीर यावा म्हणून, ते सांगता येत नाही. “अंकल, टेन्शन नका घेऊ, फुल वॉटरप्रूफ आहे,” असे तो म्हणाला, की भावोजी विचारत, “पाऊस वरून येतो. समजा, समोरच्या ट्रकने खड्ड्यातलं पाणी खालून उडवलं?” तो म्हणे, “अंकल, तुम्हाला बाइकला लावायचाय का पाणबुडीला?” तरी माणूस भला, नमुन्याची यंत्रे तो भावोजींना दोन-दोन दिवस घरी नेऊ देई. त्यांची परीक्षा आमच्या मजल्यावर होई. पाण्याची न्हाणीघरात, भावोजी रेनकोट घालून शॉवरखाली उभे. उन्हाची भर दुपारी गच्चीवर, वाळत घातलेल्या पापडांशेजारी. आणि थरथरीची घरघंटीवर. तांदूळ दळायला लावून त्यांनी यंत्र घरघंटीच्या झाकणाला घट्ट बांधले आणि समोर स्टुलावर बसून ते थरथरत्या पडद्यावरची गावांची नावे मोठ्याने वाचू लागले. पिठाने यंत्र आणि भावोजी दोघेही पांढरे झाले. ताई नुसत्या म्हणाल्या, “आजची भाकरी कुठल्या रस्त्याने आली, तेही विचारा त्याला.”

पण खरी कसोटी रस्त्यावर. यंत्रातल्या बाईंशी भावोजी अदबीने बोलत. बाई उजवीकडे वळायला सांगत, आणि हे हेल्मेटमधून म्हणत, “अहो, आता शाळा सुटली असेल, त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.” मग ते डावीकडे वळत, आणि बाई निमूटपणे नवा मार्ग आखीत. हा समजूतदारपणा त्यांना फार आवडे. एवढे करूनही त्यांचा विश्वास बसत नसे तो नसेच. गिरगावात, जिथे त्यांचे बालपण मामाकडे गेले, तिथेच गाडी थांबवून त्यांनी एका फुलवालीला चौपाटीची वाट विचारली. तिने आणि यंत्राने एकच वाट सांगितली. तेव्हा त्यांनी पुढच्या नाक्यावर एका इस्त्रीवाल्याला विचारले. मागे बसलेल्या ताईंनी कारण विचारले, तर म्हणाले, “समजा, दोघांची चूक एकच असली, तर?”

असे करता करता संक्रांत आली. ताई आता जिना उतरताना कठड्याला धरू लागल्या होत्या. तिळगूळ देताना मीच भावोजींना धीर करून म्हटले, “आता घेऊन टाका ना.” त्यांनी बराच वेळ तिळगूळ चघळला आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच यंत्र विकत आणले. त्याची रीतसर पूजा झाली, नारळ फुटला, पडद्याला हळदकुंकू लागले, आणि कुंकवाच्या बोटाने तो आपोआप कुठल्याशा पेट्रोल पंपाची वाट दाखवू लागला. त्यानंतर भावोजींनी दोन दिवस खोलीत बसून यंत्रात काहीबाही भरले आणि तिसऱ्या दिवशी आम्हां सर्वांना बोलावून पडदा आमच्यासमोर धरला.

बेत तुंगभद्रेच्या पलीकडे, जिथे आमचे कोणी नाही तिथे, जायचा होता. पण पडद्यावरची निळी रेघ पुण्याला आत शिरून चुलतभावाकडे जात होती, साताऱ्याला मेहुण्याकडे, सांगलीला मावशीच्या घरी, कोल्हापूरला भाचीकडे, बेळगावला आत्येकडे. भावोजींनी आमच्या साऱ्या आप्तांची घरे त्यात एकेक करून भरली होती, आणि यंत्राने बिचाऱ्याने सर्वांना न्याय दिला होता. “समजा, गाडी बंद पडली,” भावोजी म्हणाले. “दोन-तीन तासांच्या अंतरावर आपलं माणूस असावं. कुठेही पडलो तरी कोणाच्या तरी दारात.”

ताईंनी चष्मा लावून ती रेघ टोकापासून टोकापर्यंत पाहिली. चिडल्या की त्यांची मालवणी बाहेर येते, पण आवाज चढत नाही. “माका खंयच्याच पावण्याकडे जावचा नाय,” त्या म्हणाल्या. “ह्यो प्रवास नाय. ह्या आमंत्रणा वाटूक जाणा झाला.” आणि त्या आत जाऊन बांगडे साफ करू लागल्या. आम्ही उठलो. डॉक्टरांनी त्याच आठवड्यात शस्त्रक्रियेच्या तारखेविषयी विचारले होते, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते.

पुढे काही दिवस समोरच्या घरातून ‘समजा’ ऐकू आले नाही. मग एका दुपारी भावोजी यंत्र घेऊन माझ्या दाराशी आले. “मास्तरीणबाई, ही नावं काढून टाकायची आहेत. माझा हात होत नाही.” यंत्र प्रत्येक नावाला विचारी, नक्की काढायचे ना? आणि प्रत्येक वेळी भावोजींचा चेहरा असा होई की माझेही बोट थबके. “आत्येला काढायचं म्हणजे...” ते म्हणाले. मी म्हटले, “भावोजी, त्या यंत्रातून जाताहेत, घरातून नव्हे.” पुण्याचा चुलतभाऊ गेला, साताऱ्याचा मेहुणा गेला. एक म्हातारा माणूस आपल्या गोतावळ्याचे एकेक दार मिटत होता. सांगलीच्या मावशीपाशी मात्र त्यांनी माझे बोट धरले. मावशी जाऊन कैक वर्षे झाली, घराला कुलूप आहे. “हे राहू दे,” ते म्हणाले. “थांबणार नाही. बाजूने जाताना कळलं म्हणजे झालं.” ते आम्ही राहू दिले.

निघाले तेव्हा उजाडत होते. ताईंनी पंजाबी ड्रेसवर जाकीट घातले होते, आणि पार्किंगमधल्या ओट्यावर चढून, वॉचमनच्या खांद्याचा आधार घेऊन, त्यांनी गाडीवर टांग टाकली. ती टाकताना त्यांच्या तोंडून कण्हण्याचा बारीक आवाज निघाला. तो भावोजींनी ऐकला, कारण ते हेल्मेट घालायचे थांबले. “चला,” ताई म्हणाल्या. “थांबलात तरी मी उतरायची नाही.”

पाच दिवस फोन नव्हता. माझ्या यजमानांनी तेवढ्यात त्या भागातल्या कोण्या दूरच्या ओळखीच्या माणसाचा नंबर शोधून ठेवला, तो मी लपवला. सहाव्या दिवशी ताईंचा फोन आला. मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता आणि भावोजी कोणाला तरी तिथल्या भाषेत वाट विचारण्याचा प्रयत्न करीत होते. मी गावाचे नाव विचारले.

“नाव नको विचारू गो,” ताई म्हणाल्या. “सांगितलं की तिथलं आपलं कोणीतरी निघेल.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “सकाळी चहावाल्याने खुणेने विचारलं, कोणाकडे आलात? मी म्हटलं, कोणाकडे नाही. दोनदा सांगितलं. त्याला कळलं नसेल, पण मलाच बोलायला बरं वाटलं.”

शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टरांनी अजूनही वचन दिलेले नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ माझ्या स्वतःच्या प्रवासांची उजळणी करीत बसले. इतकी गावे पाहिली, इतक्या स्टेशनांवर उतरले, पण प्रत्येक ठिकाणी कोणीतरी न्यायला आलेले होते, आणि त्या माणसांच्या मायेत गावे बघायची राहूनच गेली. मला असे एकही गाव आठवले नाही. तुम्ही कधी कोणाकडेही न जाता कुठे गेला आहात का?