ओढ्यापलीकडं ऐकू गेली पाहिजे

हातोड्याच्या तिसऱ्या घावाला नवी घंटा दुभंगली. फोडणारे शंकरमामा ओतारी. ती परवा ओतलीही त्यांनीच होती.

मित्रांनो, गेवराईजवळच्या या गावात मी आज घंटांचे फोटो काढायला गेलो होतो. महादेवाच्या देवळाचे अध्यक्ष तिथेच होते. ते चिडले. "मामा, कामून फोडली? वाजत होती की चांगली."

"ओढ्यापलीकडं गेली न्हाई."

मामांच्या घराण्याची रीत आहे. बायको ओढ्यापलीकडे उभी राहते आणि घंटा ऐकू आली की हात वर करते. त्याशिवाय घंटा देवळात जात नाही. आज मामींनी हात वर केला नाही.

"मामीला कमी ऐकू येत असंल."

"मी तोंडातल्या तोंडात पुटपुटलो तरी तिला ऐकू येतंय."

"उद्या सकाळपातूर घंटा न्हाई झाली, तर लाईटीवर वाजणारी मशीन आणतो."

मामांनी तुकडे मुशीत टाकले. मामींनी भाता धरला. दुसरा साचा वाळून तयार होता.

तुमच्या देवळातली घंटा कुणी ओतली, हे कधी विचारलंय तुम्ही?

दुसऱ्या दिवशीची भर: सकाळी घंटा वाजली तेव्हा ओढ्यापलीकडे अध्यक्ष स्वतः उभे होते. त्यांनी हात वर केला.