अक्का उठेल त्या दिवशी

धारच्या मिशन दवाखान्यात रांधणाऱ्या अक्काला येशूची सगळीच शिकवण पटली होती असं नाही. एका गालावर बसली तर दुसरा पुढे करायचा, हे तिला साफ नामंजूर होतं. दुधावर टपलेल्या मांजराला आणि दवाखान्याच्या पाणक्याला याचा अनुभव होता. पण मेलेले उठणार, हे तिनं प्रथम ऐकलं तेव्हा तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी ती जागची हलली नव्हती. त्याच साली तिनं बाप्तिस्मा घेतला. भाऊबंदांनी तिला वाळीत टाकलं, तर अक्कानं उलट त्यांनाच टाकलं.

बाप्तिस्म्याचं कारण एकच होतं. तिचा नवरा मानाजी, धारच्या पवार राजांच्या पागेत घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार, भर तारुण्यात तापानं गेला होता. माणूस लाखाचा, पण वाटेच्या बाबतीत अगदी कच्चा. सरदारपूरच्या बाजाराला म्हणून निघायचा आणि गप्पांच्या नादात पार पुढचं राजगढ गाठायचा. पागेतल्या घोड्याला घर ठाऊक होतं म्हणून परत यायचा, इतकंच. त्याला पुन्हा एकदा बघायचं म्हणून अक्का ख्रिस्ती झाली होती, आणि हे ती कुणापासून लपवतही नव्हती.

ईस्टरच्या सकाळी मंडळी कबरस्तानात जाऊन कबरींना चुना लावत, फुलं वाहत. अशाच एका ईस्टरला चुन्याचा कुंचला हातात असताना अक्काच्या मनात आलं, की ही सगळी माणसं इथून उठतील, पण मानाजी कुठून उठणार? त्याला तर अग्नी दिला होता, आणि अस्थी धरमपुरीला नर्मदेत सोडल्या होत्या. इतकी वर्षं ज्या आशेवर दिवस काढले, तिच्या मुळालाच वाळवी लागली की काय?

ती कुंचल्यासकट तशीच तिथं आलेल्या उपदेशक मोरोपंतांसमोर जाऊन उभी राहिली. "पंत, खरं सांगा. आमचे हे नर्मदेत आहेत. उठणार की नाही?"

मोरोपंत मिशनच्या शाळेत भूगोलही शिकवीत. ते म्हणाले, "अक्का, त्या दिवशी समुद्रसुद्धा आपल्या पोटातले मेलेले परत देणार आहे. आणि नर्मदा भडोचपाशी समुद्रालाच मिळते."

"म्हणजे हे समुद्रात पोचले?" अक्काचा चेहरा उजळला. घरातून कधी नीट बाजारालाही न पोचलेला माणूस!

"पण अक्का," मोरोपंतांचा आवाज जरा उतरला, "त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता..."

"उठणार ना, एवढंच बोला."

"उठतील तर सगळेच."

"बस, हो गया काम. पुढचं मी प्रभूशी बोलीन. त्याच्या लेकरांसाठी एवढ्या भाकऱ्या थापल्यात, तो माझं एवढं ऐकेल. आता सांगा, समुद्र कुठल्या अंगाला?"

"मावळतीला."

"मग हे सरदारपूरच्या सडकेनं येणार. पंत, माझी कबर मावळतीकडं तोंड करून खणा."

मोरोपंतांनी कपाळाला हात लावला. "अहो, सगळे उगवतीकडं तोंड करून उठणार. प्रभू तिकडून येणार! तुम्ही एकट्याच त्याच्याकडं पाठ करून उभ्या राहणार?"

हे मात्र अक्काला बरं दिसेना. ती कुंचला खाली ठेवून विचारात पडली. तोंड उगवतीकडं ठेवलं तर पाठमोरी ती, आणि मागून येणार नवरा. इथं उठलेल्यांचा नुसता गलका. वाटेचा कच्चा माणूस कबरस्तान ओलांडून सरळ इंदूरला चालता व्हायचा! हाक मारायला हवी. पण कोणती? 'अहो' म्हटलं तर धारचे निम्मे पुरुष वळून बघतील. आणि नवऱ्याचं नाव तर तिनं लग्नातल्या एका उखाण्यापलीकडं उच्चारलंच नव्हतं. तो गेल्यावरही नाही.

"पंत, जरा तिकडं बघा भिया," ती भावाला सांगावं तशी म्हणाली. मोरोपंतांनी मुकाट्यानं तोंड फिरवलं.

अक्का मावळतीच्या कुंपणापाशी गेली. समोर सरदारपूरची सडक उन्हात रिकामी पडली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मानाजी," ती पुटपुटली, आणि या वयात कानशिलापर्यंत लाजली. मग तिला रडू आलं, कारण ते नाव जिभेला फार गोड लागलं. एवढी वर्षं उगाचच गिळून ठेवलं होतं.

पदरानं डोळे पुसून तिनं चुन्यानं माखलेले दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सडकेच्या दिशेनं सगळा दम एकवटून हाक मारली,

"अहो मानाजी! हेच धार! पुढं जाऊ नका!"