पिन बकरीले, सळाख बायायले

शहापूरच्या हायवेवर माझं ट्रॉली वेल्डिंगचं दुकान हाय. भंगार कमी अन् किस्सेच जास्त जमले तिथं. ऐकणारे हासतात. माह्या मात्र तळपायाची आग मस्तकात जाते!

एक गिऱ्हाईक नवी ट्रॉली बनवाले आलं. रेडियम लाव, फुलं काढ, भोंगा बसव. सगळं सांगून झालं. मी इचारलं, "सेफ्टी साखळी?"

"कायले? ट्रॉली का पळून जाते?"

दुसरे एक मास्तर. त्यायले कारमागं छोटी ट्रॉली ओढायची होती. म्हणे, "हूक बंपरलेच जोडून दे."

"सर, बंपर प्लास्टिकचा हाय!"

"मी हळूच चालवतो ना!"

अन् हे पोरायले शिकवतात!

पण सगळ्यायचा बाप आमच्या गावचा रामदास. धानाच्या रोवणीच्या बाया ट्रॉलीत बसवून शेतावर नेतो. एकदा सकाळी दुकानासमोर थांबला. पाहतो तं ट्रॉली ट्रॅक्टरले जोडणाऱ्या हुकात पिनीच्या जागी सळाख! अन् ट्रॉलीत पंधरा बाया, त्यात माझी बायको सुनंदा.

"पिन कुठं हाय बे?"

"खुंटा केला तिचा. बकरी बांधली."

"मंग बकरी सोड अन् पिन आण!"

"पळून जाईल ना, भाऊ!"

म्हणजे बकरी पळू नये, बाया गेल्या तं गेल्या! मी नवी पिन फुकट देतो म्हटलं. "टाइम नाई," म्हणून त्यानं ट्रॅक्टर काढला. सुनंदाले उतर म्हटलं, तं म्हणे, "बाकीच्या बसल्याच हायेत ना!"

गावाबाहेर तलावाच्या पारीवर, बांधाच्या रस्त्यानं जाताना सळाख तुटली. रामदास जोरात गाणे लावून शेतावर पोचला अन् मंग त्यानं मागं पाहिलं. ट्रॉलीच नाई! ती बायांसकट उतारावरून खाली गेली अन् काठाच्या चिखलात रुतली. पुढं दहा पावलांवर खोल पाणी होतं. बातमी ऐकून मी पळत पोचलो. सुनंदा कमरेपर्यंत चिखलात. अन् रामदास परत येऊन दुसरी सळाख घेऊन उभा!

"बसा वं बायांनो, उशीर होऊन राहिला!"

माह्या तोंडून नुसत्या शिव्या निघाल्या. सुनंदा चिखलातून निघाली. तशीच चिखलाच्या पायानं रामदासच्या घरी गेली. परत आली तं एका हातात पिन, दुसऱ्या हातात बकरी! पिन मले दिली. "हे लावा. साखळीबी लावा."

मंग बकरीचा दोर रामदासच्या हातात कोंबला.

"नीट धरा, रामदासभाऊ. पळून जाईल ना!"