गव्हाच्या वावरातला बोरू

पावसाळ्यात गव्हाच्या वावरात हिरवं काही दिसलं की आमच्या गावात अब्रू जायची. आषाढापासून वखर मारमारून जमीन उघडी ठेवायची आणि थेट कार्तिकात गहू पेरायचा, ही रीत. उन्हाळ्यात टोपल्या डोक्यावर वाहून शेणखत मी टाकायचं, आणि त्याचा कस पावसानं नाल्यात जाताना मीच पाहायचं. गहू पिवळा पडला की बोलणी पुन्हा मलाच. आजही आठवलं की डोकं सणकतं.

आमचे मालक खामगावला जिनात कामाला, म्हणून आमच्या वाट्याचं वावर मीच करायची. भासऱ्यांनी, म्हणजे मालकांच्या थोरल्या भावानं, सांगून ठेवलं होतं, औंदा गहू पिवळा झाला तर हे वावर दुसऱ्याले बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला, देऊन टाकू. मग मी लोकांच्या वावरात निंदायला जायचं.

माझ्या माहेरी, वरवट बकालकडे, खत टाकलं की बोरू, म्हणजे ताग, पेरत. भर पावसात तो खताचा कस धरून ठेवतो. भादव्यात नांगरून गाडला की कुजतो आणि धरलेलं सगळं गव्हाला देतो. मीही पेरला. श्रावणात तो कमरेला लागला.

भासऱ्यांशी धाकट्या भावाच्या बायकोनं बोलायचं नाही, हीही एक रीत. मी सासूबाईंना म्हटलं, "त्याईले सांगा, बोरू मुद्दाम ठेवला हाय, हात लावू नका." त्यांनी लेकाला सांगितलं ते एवढंच, "तिनं वावरात काहीबाही पेरलं, पाह्य बरं."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर अर्ध्या वावरातला बोरू उपटून धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, फेकलेला, आणि भासरे त्या जागी वखर हाकून राह्यले होते. मी पदर पुढे ओढून उभी राहिले. तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. माझा मलाच संताप आला.

त्याच संध्याकाळी झड लागली. चिखलात वखर चालेना, म्हणून उरलेला बोरू वाचला. उघड्या अर्ध्यातला कस मात्र गेला नाल्यात. भादव्यात मी गडी लावून बोरू गाडला. घरी सांगितलं, वावर साफ करते. ते सगळ्यांना पटलं.

पौषात भासरे दोन माणसं घेऊन आले, वावर बटईनं दाखवायला. अर्धा गहू काळाभोर हिरवा, अर्धा पिवळा. पिवळ्याकडे हात करून म्हणाले, "जमीनच हलकी हाय इकडची."

मी पदर मागे सारला. "जिथवर तुमचा वखर चालला, तिथवरच हलकी हाय," मी म्हटलं, सरळ त्यांच्या तोंडावर.

"भांडणाचं वावर नको," म्हणत ती माणसं चपला झटकत निघून गेली. वावर माझ्याकडे राहिलं. पुढच्या आषाढात भासऱ्यांच्या वावरातही बोरू उभा होता. त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नाही. मी भासऱ्यांशी बोलले, हे मात्र सासूबाई मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगत होत्या.